फौजदाराच्या घरची तार

बेचाळीसच्या चळवळीतली गोष्ट सांगतो, गड्या. मी तवा साताऱ्यात टेलिफोनच्या तारा दुरुस्त करायचो. फौजदाराच्या घरचा फोन बंद पडला म्हणून गेलो, तर कपाटामागं तार कापलेली. फौजदाराची बायको हळूच म्हणाली, "मीच कापली. ह्याच फोनवर माझ्या माहेरी धाड घालायचा हुकूम येणार हाय. भाऊ तिथं लपलाय."

तेवढ्यात फौजदार आला. मी म्हणालो, "सायेब, तार उंदरानं कुरतडलीया."

बाई पुढं झाली. "उंदरानं न्हाई, मी कापली. जोडली तर परत कापीन."

फौजदाराचा चेहरा उतरला. तो मला म्हणाला, "जोड ती."

तारेचं भलंमोठं भेंडोळं माझ्या खांद्यावरच होतं. त्याच्या डोळ्यात बघत मी म्हणालो, "तार संपलीया, सायेब."