छपरावरचा पांढरा डबा

सांगा बरं भाऊ, भरोसा ठेवावा त कोणावर? माणसावर नाई, हे मी एटापल्लीत हिरडा-मोह विकत घेता-घेता शिकलो, शाळेत काई गेलो नाई! म्हणून मशीनवर ठेवला... अन् मशीननंच मले बुडवलं!

झालं काय, शहरातून पायल मॅडम आल्या, जमिनीचा अभ्यास करणाऱ्या. म्हणे, "भाऊ, तुमच्या स्लॅबवर हा डबा ठेवू? उपग्रहांशी बोलतो. जमीन कुठं सरकली ते बोटभर फरकानं, तिथल्या तिथं सांगतो. अवकाशयानंही अशीच आपली जागा ओळखतात." म्या म्हटलं, ठेवा! वरून चहा, पोहे... आमची घरवाली गिरजा म्हणे, "जावई आले काय घरी?"

अन् इथीच माझी मती फिरली! बाजूचा लटारू, सायकलचे पंक्चर काढणारा, कधीचा बोंबलून राह्यला होता का माझ्या दुकानाचा ओटा त्याच्या जाग्यात घुसला. म्या चारचौघांत, जंगलखात्याचा नाकेदार चहा पीत बसला असताना, मॅडमले म्हटलं, "मोजाच! मशीन बोलन ते मले मंजूर!" भरोसा न, मशीनवर!

मॅडमनं कोपऱ्या-कोपऱ्यावर त्या डब्याशी बोलणारी काठी टेकवली, सरकारी नकाशाशी ताडून पाह्यलं. "ओटा लटारूभाऊंच्या जागेत अजिबात नाही." म्या मिशीवर ताव मारला. "पण दुकानामागचं तुमचं गोदाम जंगलखात्याच्या जागेत आहे."

नाकेदाराचा कप हवेतच राह्यला!

आता आमची जागा मोजाची रीत कोणती? मोहापासून. मोह कोणी तोडत नाई, म्हणून निशाणी पक्की. पण आज्याच्या वेळचा मोह वादळात पडला, अन् त्याच्या बीचा दुसराच मोह मागं, जंगलाच्या अंगाले उगवला... आमी त्यालेच 'आज्याचा मोह' म्हणून नारळ फोडून राह्यलो, अन् तिथूनच मोजून गोदाम बांधलं न, बापा! मशीन त मशीन, झाडानंही धोका देल्ला!

लटारू खीखी करून म्हणे, "काऊन सेठ? मशीन बोलन ते मंजूर न?"

नाकेदार म्हणे, "चहा झकास होता सेठ. पण गोदाम खाली करा."

तरी म्या हिंमत सोडली नाई, व्यापारी माणूस! म्हटलं, "मॅडम, जमीन सरकते म्हणता न? कोणीकडं?"

"ईशान्येला. दरसाल दोन-तीन बोटं."

दुकानापुढचा रस्ताही ईशान्येलेच, जंगलाच्या उलट अंगाले! "मंग बसतो न थांबून! माझ्या नातवाच्या नातवाच्या वेळी गोदाम आपोआप जंगलाबाहेर!"

मॅडम हळूच म्हणे, "भाऊ... जंगलही सोबतच सरकतं."

आता नोटीस भिंतीवर, डबा स्लॅबवर, अन् त्याची धूळ मीच पुसून राह्यलो. वरच्या उपग्रहवाल्यांनो, तुमाले एकच मागणं... हिशोब ठेवा, पण इमानदारीनं. दुकान सरकलं म्हणून लिहाल, त जंगलही सरकलं म्हणून लिहा!