चित्रातले दोन वाटसरू

मी चिखलीत ऑइल पेंटिंग शिकत होतो ना, तेव्हाची गोष्ट. सरांनी एका जुन्या विलायती चित्राची नक्कल करायला दिली होती. काळं आभाळ, डोंगरावर पडणारी वीज आणि मोठ्या झाडाखाली आसऱ्याला उभे दोन वाटसरू. दोन महिने खपून ते जवळपास पुरं केलं आणि घरी नेऊन मायला दाखवलं.

तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"इजा पडून राह्यल्या अन् यायले झाडाखाली काऊन उभं केलं रे? तुह्या बापानं तेच केलं होतं."

बाबा वावरात झाडाखाली वीज पडूनच गेले होते. वाटसरूंचा रंग अजून ओलाच होता. दोघांना पुसलं आणि मोकळ्या रानात काढलं.

मायनं पुन्हा पाहिलं. "उभे काऊन हायेत? खाली बसव त्यायले."

मी त्यांना उकिडवं बसवलं.

चित्र पाहून सर चक्रावले. "अबे, हे तर झाडाखाली उभे होते. इथं बसून काय करून राह्यले?"

"वाचून राह्यले, सर."

सर चित्राजवळ वाकले. "मंग पुस्तक कुठाय?"