‘ओढून नेलं’ म्हण

उकंडराव : पुन्हा एकदा म्हणून दाखव. आत गेल्यावर चाचरशील.

चतुराबाई : न्हाई म्हणत.

उकंडराव : चतुरे, हळू बोल. दारातला जवान ऐकून राहिला. नीट म्हण, “म्या हळदीच्या वावरात व्हते. वसराम गाडीवान आला, त्यानं मला ओढून गाडीत घातलं आन तांड्यावर नेऊन जबरी केली.” एवढंच म्हणायचंय तुला. ठाण्याचे अमीनसाहेब नमाजाहून आले की हाक येईल. चार सवाल करतील, अंगठा घेतील, दिवस मावळायच्या आत आपुन घरी.

चतुराबाई : आन वसराम?

उकंडराव : हाय की मागल्या कोठडीत. त्याचं सरकार पाहून घेईल.

चतुराबाई : केसं पिकस्तोवर तुरुंगात सडंल त्यो. काय केलं म्हणून?

उकंडराव : माजी पोरगी नेली त्यानं!

चतुराबाई : नेली न्हाई, म्या गेले. म्या काय शेळी हाय का, दावं सोडून न्यायला? रांडमुंड बाई हाय, आपल्या पायानं गाडीत चढले. आन हळदीचं वावर कुठून काढलं तुमी? भरल्या गल्लीतून गेले म्या. जातं संगं घेऊन गेले. वरचा दगड, खालचा दगड, एका बाजूनं त्यो आन एका बाजूनं म्या धरून गाडीत ठिवला. ओढून नेलेली बाई जातं घेऊन जाती का, बाबा?

उकंडराव : जात्याचं नाव काढू नको आत. गल्लीतल्या लोकांना म्या सांगून ठिवलंय. कुणी बोलणार न्हाई.

चतुराबाई : समद्यांना सांगून झालं. मला तेवढं कुणी इचारलं न्हाई.

उकंडराव : तुला काय इचारायचं! तुज्यापायी दुसऱ्याच्या दारात जावं लागलं मला. किसनरावानं आपली गाडी दिली, सोता बैल हाकले, म्हणून तर इथवर आलो. साक्षबी देणार हाय बिचारा.

चतुराबाई : बिचारा! त्याच्या गाडीत बसवलं तुमी मला. कुरुंद्याच्या सासरहून ज्याच्यापायी पळून आले, त्याच्याच पाठीमागं बसून आले आज. समदी वाट त्यानं एकदाबी वळून पाहिलं न्हाई. काय साक्ष देणार हाय त्यो? जबरी कशी असती ते सांगणार हाय? त्याला बराबर म्हायती हाय!

उकंडराव : गप! तुज्या मेलेल्या नवऱ्याचा थोरला भाऊ हाय त्यो. आन बापापुढं बोलायच्या गोष्टी न्हाईत ह्या.

चतुराबाई : अमीनापुढं बोलायच्या हायेत का? मुन्शीपुढं? उद्या अदालतीत, भरल्या माणसांत? त्यांच्यापुढं खोटं बोलाया घोकून घेता, आन खरं बापापुढं बोलले की लाज वाटती तुमाला?

उकंडराव : झालं गेलं ते उकरून काय भेटणार हाय तुला?

चतुराबाई : तुमीच उकरलं. जबरी, जबरी म्हणून सकाळधरनं कान खाल्ले माजे. तर ऐका जबरी. जर्मनची लढाई लागली त्या साली पटकीनं माणूस गेला माजा. तेराव्याची भांडी अजून अंगणात व्हती, आन तुमच्या किसनरावानं कोठीचं दार लावलं. म्या वरडले. सासू भाईर कण्या पाखडून राहिली व्हती. तिचं सूप थांबलं न्हाई, बाबा. म्या आतून ऐकून राहिले व्हते.

उकंडराव : पुरे.

चतुराबाई : न्हाई पुरे. तशीच पायी आले तुमच्या दारात. मायला सांगितलं, तुमाला सांगितलं. मायनं तोंडावर पदर घेतला. तुमी काय म्हणले, आठवतं?

उकंडराव : न्हाई आठवत.

चतुराबाई : “त्यांचं घर मोठं हाय. तोंड मिटून माज्या घरी ऱ्हाय, भाकर भेटंल.” तव्हाबी हे ठाणं हितंच व्हतं. हा रस्ताबी हाच व्हता. तव्हा एक बैल जुपला न्हाई तुमी.

उकंडराव : जुपला असता तर काय झालं असतं? अमीनानं किसनरावाला धरलं असतं? उलट तुजंच नाव गावभर झालं असतं. धाकल्या पार्वतीचं लगीन राहिलंय माज्या उरावर. तुला काय म्हायती बाप काय सोसून राहिला? ग्यानबाच्या घरी लग्नाला गेलो व्हतो. पंगतीत बसलो, पत्रावळ मांडली, भात वाढला. पयला घास उचलला आन भावकीतले म्हणले, उकंडराव, तुमी उठा. तुमची लेक बंजाऱ्याच्या घरात बसली. समद्या गावापुढं घास ठिवून उठलो म्या. ह्या वयात!

चतुराबाई : वाईट झालं ते. म्या ऐकलं तव्हा मला रडू आलं, खरं सांगते.

उकंडराव : मंग? आता भावकीच म्हणून राहिली, पोरीला ओढून नेलं असंल तर तिचा दोष न्हाई. सरकारात तसं लिवून आणा. पोरीला शुद्ध करून घेऊ, तुमाला पंगतीत घेऊ. पार्वतीचंबी जमंल. तुज्या एका बोलण्यावर हाय समदं, चतुरे. पाया पडतो तुज्या.

चतुराबाई : म्हंजी जबरी झाली तर म्या चांगली, आन राजीखुशीनं गेले तर बाटले?

उकंडराव : रिवाजच हाय तसा. म्या केला का?

चतुराबाई : आग लागो त्या रिवाजाला! खरी जबरी झाली तव्हा कुठं गेली व्हती तुमची भावकी? तव्हा काहून न्हाई आलं कुणी मला शुद्ध कराया? जबरी करणारा जातीतला व्हता म्हणून?

उकंडराव : काय पाहिलं गं तू त्या बंजाऱ्यात?

चतुराबाई : त्यानं इचारलं मला. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात म्या हळद इकून राहिले व्हते. त्यो म्हणला, येतीस का माज्या घरी? म्या म्हणलं, न्हाई. तर मान हलवली आन गाडी घेऊन गेला. पुढच्या बाजाराला आला, पुन्हा न्हाई म्हणलं, पुन्हा गेला. हात लावला न्हाई, शिवी दिली न्हाई. न्हाई म्हणलेलं ऐकणारा माणूस म्या जन्मात पाहिला नव्हता, बाबा. तुमीबी न्हाई ऐकत. मंग एका बाजाराला म्याच म्हणलं, आज गाडी आमच्या गल्लीत घाल, जातं जड हाय.

उकंडराव : आत हे बोललीस तर तू मला मेलीस.

चतुराबाई : बरं.

(आतून हाक येते. दोघं अमीनाच्या खोलीत जातात.)

अमीनसाहेब : बैठो. तू चतुराबाई? बाप म्हणतो, वसरामने जबरदस्ती उठवून नेलं. बराबर?

चतुराबाई : न्हाई साहेब. म्या राजीखुशीनं गेले.

उकंडराव : साहेब, लेकरू भेदरलंय. तिला कळून न्हाई राहिलं—

अमीनसाहेब : उकंडराव, तुम चुप. क्यों गं, परवा बाप सांगतो जबरदस्ती, आज तू सांगते राजीखुशी. तांडेवालोंने पैसा दिला? धमकी दिली?

चतुराबाई : खोटं सांगितलं असतं तर लगेच अंगठा घेतला असता तुमी. खरं बोलले तर इचारता, पैका कुणी दिला.

अमीनसाहेब : जबान सांभाळ. हे सरकारी ठाणं आहे.

चतुराबाई : म्हणूनच खरं बोलून राहिले. तांड्यावर जवान धाडा, साहेब. माजं जातं हाय तिथं. दोघांनी उचलून गाडीत ठिवलं, समद्या गल्लीनं पाहिलं. गल्लीला एकेकट्यानं इचारा.

अमीनसाहेब : जातं? जातं घेऊन पळाली? या अल्ला. मुन्शीजी, लिहा. औरत राजी होती. वसरामला सोडायचं. आणि उकंडराव, झूठी फिर्याद देणंसुद्धा गुन्हा आहे, मालूम आहे?

उकंडराव : माफी करा साहेब. इज्जतीपायी झालं.

अमीनसाहेब : इज्जत! जा, घेऊन जा हिला.

चतुराबाई : म्या न्हाई जात. मुन्शीजींना म्हणा, लेखणी खाली ठिवू नका. जबरी माज्यावर झाली हाय. करणारा दुसरा हाय.

उकंडराव : चतुरे!

अमीनसाहेब : कोण?

चतुराबाई : किसनराव. माजा भाया. त्यो काय, भाईर लिंबाखाली बैलाला कडबा टाकून राहिला.

अमीनसाहेब : तो? तो तर वसरामच्या खिलाफ गवाह आहे. कधी झालं हे?

चतुराबाई : जर्मनची लढाई लागली त्या साली. माजा माणूस मेल्यावर.

अमीनसाहेब : इतकी सालं झाली? मामला कसा बनणार? कोण मानणार? तेव्हाच फिर्याद काहून नाही दिली?

चतुराबाई : दिली व्हती.

अमीनसाहेब : कुठं? कोणत्या ठाण्यात?

चतुराबाई : ठाण्यात न्हाई. हे बसले ना तुमच्यापुढं, ह्यांच्यापाशी.

अमीनसाहेब : उकंडराव? हिनं सांगितलं होतं तुम्हाला?

उकंडराव : साहेब... घोटभर पाणी भेटंल का?

चतुराबाई : आधी सांगा, बाबा. पाणी मंग.