धडधाकट उजवा पाय

पिंपरीच्या बसथांब्यावर जयमाला वकीलबाई तोंडाला स्कार्फ गुंडाळून रांगेत उभ्या होत्या. पुढं त्यांचाच अशील, रेल्वेचा गँगमन गेनू, मित्राला रंगवून सांगत होता. बाईंनी कान टवकारले.

“रूळ पडला डाव्या पायावर, आन् कोर्टात घाबरून मी लंगडलो उजव्यानं!”

“आयला! जजनं धरलं?”

“धरलंच की. पण आपली बाई एक नंबर खोटारडी. म्हणती, ‘साहेब, डावा रेल्वेनं मोडला. उजवा तारखांना तुमचा जिना चढून चढून गेला.’”

“मग?”

“हसला जज. त्याच दिवशी निकाल, आपल्या बाजूनं.”

मागं स्कार्फ सुटला.

“खोटं काय त्यात, गेनूभाऊ? तुम्हा गँगमन लोकांपायी तीस वर्षं तोच जिना चढतेय. माझे दोन्ही गुडघे गेलेत.”