पाठीमागचा हात

चाकणहून निघालेल्या बसमध्ये तनुजाच्या पुढच्याच सीटवर फुटबॉल टीमच्या जर्सीत दोघं बसले होते. कॅप्टन कुलदीप बोलत होता आणि गोलकीपर तौसिफ त्याच्या तोंडाकडं एकटक बघत होता. तनुजाला पुस्तक मिटावंच लागलं.

“अजिमभाईंचा गुडघा गेलाय, राव. कंपनीच्या टीमनं सोडलेला डिफेंडर आपण कशाला घ्यायचा?”

“मी त्या कंपनीत होतो तोवर त्यांच्याच मागं गोलमध्ये उभा असायचो. घे त्यांना.”

“यंदा तुझ्याकडून गोल जातायत, म्हणून आठवण येतीय का त्यांची?”

“हो. बॉल कुठनं येतोय, ते हात पाठीमागं धरून मला खुणेनं सांगायचे. कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या आवाजात आम्ही तसंच बोलायचो.”

“मैदानात ओरडून सांगता येतं की.”

“आधी ओरडायचेच. मग त्या प्रेसपायी माझे कान गेले.”

“हे कधी कुणी बोललं नाही.”

“त्यांनी कुणाला कळूच दिलं नाही, भावा.”

कासारवाडी आली. कुलदीप उठून दाराकडं निघाला, आणि मागून येणाऱ्या तौसिफला दिसेल असा एक हात पाठीमागं नेऊन त्यानं अंगठा वर केला.