चंद्रीचं डोहाळजेवण

अरे, त्या दिवशी मंद्रूपला पंगतीत माझं ताट तसंच भरलेलं राहिलं. माझ्या कथेतली चंद्री आधी नाटकात आली, मग मोबाइलवरच्या मालिकेत. मालिकेत तिला सातवा लागला, तर गावच्या बायकांनी थेट तिचं काम करणाऱ्या नटीलाच बोलावून हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. लेखक म्हणून मलाही आवतण. आणि पुढच्याच भागात चंद्री विहिरीत बुडून मरणार! शूटिंगही उरकलेलं.

मला एका जागी बसवेना. शेवटी वाढणाऱ्या मावशींना विचारलं, "नाटक पाहिलंत ना तुम्ही? त्यात चंद्रीचं काय होतं?"

"मरती की!"

"मग हे सगळं कशाला?"

मावशींनी माझ्या ताटात आणखी एक शेंगापोळी टाकली. "म्हणूनच तर ओटी भरली तिची. आता मारून दाखवा!"