पहिली बादली

धाराशिवच्या दवाखान्यात बायकोला भरती करून टाळकरी भागवततात्या बाकावर ओठातल्या ओठात अभंग घोळवत बसले होते. शेजारी ढोकीचे दोघं बहीणभाऊ येऊन टेकले. त्यांची आई आत होती.

"डॉक्टर काय म्हणले, धम्मा?"

"निमोनिया लई पसरलाय. जवळच्यांना बोलवून घ्या म्हणले."

"घरावर गरम पाण्याचा सोलर असताना आईला असली सर्दी भरलीच कशी?"

"तिच्यासाठीच बसवला गं ताई. चुलीच्या धुरानं खोकायची. पण परवा ती उठलीच न्हाय, तवा म्या पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी नळ सोडला. बादलीभर गार पाणी आलं, मग कडक."

"पाइपातलं पाणी गारच असतं की. ओतून द्यायचं."

"आई ओतून देईल व्हय? टँकरच्या पाण्याचा थेंब सांडू देत न्हाय ती. रोज पहाटं उठून ती पहिली बादली स्वतःच्या अंगावर घ्यायची."

"अख्खा हिवाळा?"

"अख्खा हिवाळा. आमी हसायचो, म्हातारीला अंघोळीची लई घाई म्हणून. अन् म्या गावभर सांगत फिरलो, आपल्या सोलरला गार पाणी येतच न्हाय."

तात्यांचा अभंग ओठातच राहिला.

दारातून नर्सबाईंनी हाक मारली, "जाईबाईंचे कोण? अंग पुसायला खालून गरम पाणी आणा. सोलरचा नळ आहे, आधी गार येईल, ते जाऊ द्या."

आईचं नाव ऐकून धम्मपाल उठला, पण नर्सबाईंनी दिलेली बादली धरून उभाच राहिला.

"ताई, तू जा. माझ्यानं न्हाय ओतवायचं."

ताईनं पदर तोंडात कोंबला होता. तात्यांनी उठून त्याच्या हातातली बादली घेतली.